देवाला लिव्याथानाशी लढावं का लागलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव नुसता बोलतो आणि सगळं होतं. स्तोत्र ७४ मध्ये मात्र तोच देव समुद्र दुभंगतो, जलराक्षसांची डोकी फोडतो, लिव्याथान नावाच्या समुद्री राक्षसाला ठेचतो. ज्याच्या शब्दाने उजेड होतो त्याला मारामारी कशाला करावी लागावी? आणि पहिल्या दिवसाच्या आधीच पाणी दिसतं, ते कुणी केलं? शेवटी तुम्ही लिहिलंय, "आजीला विचारलं तर म्हणाली, फार खोलात जाऊ नकोस."

आजींचा मान राखून थोडं खोलात जाऊ. मी २२ वर्षं हिब्रू शिकवतोय. वर्ग लहानच असतो. दोन-तीन पाळक, एखादी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, कधी निवृत्तीनंतर स्वतःच्या प्रार्थना अर्थासह वाचायची हौस आलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातले, काका. हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो. पहिली काही वर्षं मी त्याचं उत्तर घाईने देत होतो आणि चुकीचं देत होतो, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. तुम्ही कुठे बसून वाचताय यावर उत्तर थोडं बदलतं. भक्त म्हणून वाचताय की प्राचीन वाङ्मयाचे वाचक म्हणून, यहुदी परंपरेतून की ख्रिस्ती परंपरेतून, यानुसार काही वाक्यांचा अर्थच वेगळा लागतो. मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे, त्यामुळे आधी शब्द बघतो. श्रद्धेचा निर्णय तुमचा.

माझ्या मते खरी अडचण लिव्याथानाची नाही, "सर्वशक्तिमान" या आपल्या शब्दाची आहे. आपण हा शब्द डोक्यात पक्का करतो आणि मग ग्रंथाला त्याच्या मापाने तपासत बसतो. प्राचीन हिब्रूत या अर्थाचा सरळ शब्द नाही. मराठी पवित्र शास्त्रात "सर्वसमर्थ" दिसतं तिथे मुळात बहुधा "शद्दाय" असतं. हे नाव हिब्रू शास्त्रात ४८ वेळा येतं आणि त्यातल्या ३१ वेळा एकट्या ईयोबच्या पुस्तकात. त्याच्या व्युत्पत्तीवर आजही वाद आहे. कुणी ते अक्कडी भाषेतल्या "डोंगर" या शब्दाशी जोडतं, कुणी "नाश करणे" या धातूशी, कुणी "स्तन" या शब्दाशी. शेवटचं ऐकून हसू नका, उत्पत्ती ४९:२५ मध्ये शद्दाय आणि स्तनांचा आशीर्वाद अशी शब्दांची जोडी कवीने मुद्दाम साधलेली आहे. ग्रीक अनुवादकांनी ईयोबमध्ये बऱ्याच ठिकाणी "सर्वांवर सत्ता असलेला" असा शब्द घातला, लॅटिनमध्ये तो "ओम्निपोतेन्स" झाला आणि आपल्याकडे "सर्वसमर्थ" होऊन पोचला. हिब्रू लेखक देवाचं सामर्थ्य विशेषणातून फारसं सांगत नाहीत, क्रियापदांतून सांगतात: बोलला, वेगळं केलं, हद्द घातली, खाऊ घातलं, थांबला. तेव्हा क्रियापदांवरच लक्ष ठेवू.

आता पाणी. पहिलं वाक्य सात शब्दांचं आहे: बरेशीत बारा एलोहीम एत हाशामायिम वएत हाआरेत्स. आपण त्याचा अर्थ "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली" असा वाचत आलो. पण पहिल्या शब्दावरच्या स्वरचिन्हात "तो विशिष्ट प्रारंभ" असं दाखवणारं उपपद नाही. म्हणून अकराव्या शतकातला मोठा भाष्यकार राशी म्हणाला की हे पूर्ण वाक्यच नव्हे. अर्थ असा घ्यावा: "देव आकाश आणि पृथ्वी घडवू लागला तेव्हा पृथ्वी ओसाड आणि रिकामी होती." तसं वाचलं तर पाणी आधीपासून आहे आणि ते कुठून आलं हे मजकूर सांगतच नाही. जुन्या पद्धतीने वाचलं तर पाणी पहिल्या वाक्यातल्या निर्मितीतच आलं असं म्हणता येतं. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात. "शून्यातून निर्मिती" हे स्पष्ट शब्दांत दुसऱ्या मक्काबींच्या पुस्तकात (७:२८) येतं, आणि ते हिब्रू शास्त्राच्या यादीत नाही. उलट नीतिसूत्रे ८:२४ मध्ये खोल जलाशय नव्हते अशा काळाचा उल्लेख आहे, आणि स्तोत्र ९५:५ सरळ म्हणतं, समुद्र त्याचा आहे, तो त्यानेच केला. म्हणजे "पाणी देवाहून जुनं" असं हे ग्रंथ कुठेच म्हणत नाहीत. उत्पत्ती १ ला तो प्रश्न महत्त्वाचा वाटलेला नाही, इतकंच.

दुसऱ्या वचनातला एक शब्द मात्र सोडवत नाही. देवाचा "रूआख" पाण्यावर काय करत होता? रूआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा, तिन्ही. क्रियापद आहे "मराखेफेत". हाच धातू याच घडणीत अनुवाद ३२:११ मध्ये येतो, गरुडी आपल्या पिल्लांवर पंख हलवत राहते तिथे. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे: पाखर घालणे. अंधार, खोल पाणी, आणि त्यावर कुणीतरी पाखर घालतंय. हल्ल्याच्या तयारीत असलेला योद्धा असा नसतो.

योद्धा कसा दिसतो ते बघायचं तर बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, जावं लागतं. "एनुमा एलिश" हे सात मृत्तिका-पट्टिकांचं काव्य तिथल्या नववर्षाच्या उत्सवात चौथ्या दिवशी म्हटलं जाई. त्यात मार्दुक देव तियामत या समुद्रदेवीला मारतो, तिचे दोन तुकडे करतो आणि एका तुकड्याचं आकाश करतो. कवीची उपमा ऐका: सुकवायच्या माशासारखं चिरलं. वर्गात हे वाचलं की कोकणातली मुलं लगेच हसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर बोंबलाची वलांडी येते. हे काव्य निनवेच्या उत्खननातून मिळालं आणि जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये इंग्रजीत आणलं, तेव्हा बायबलच्या अभ्यासात खळबळ उडाली.

माझी चूक इथलीच. उत्पत्ती १:२ मधला "तहोम", म्हणजे खोल जलाशय, हा शब्द "तियामत"वरून आला असं मी वर्गात ठोकून सांगत असे. एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने शांतपणे विचारलं, "सर, उसना घेतलेला शब्द असता तर मधला ह कुठून आला?" बरोबर होतं त्यांचं. दोन्ही शब्द एकाच जुन्या सेमिटिक मुळातून आले आहेत, ते चुलत भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. आणखी एक सरधोपट विधान मी तेव्हापासून सोडलं: "बाकीचे देव लढतात, इस्राएलचा देव बोलतो." मार्दुकही बोलून करून दाखवतो. लढाईआधी इतर देव त्याची परीक्षा घेतात, तो तोंडाने आज्ञा करून एक नक्षत्र नाहीसं करतो आणि पुन्हा आणतो. फरक बोलण्यात नाही. मार्दुकला परीक्षा द्यावी लागते, मतं मिळवावी लागतात, मग गादी मिळते. उत्पत्ती १ मध्ये परीक्षा घेणारं कुणी नाही आणि समोर विरोधकही नाही. "यही ओर, वायही ओर." उजेड होवो, उजेड झाला. हिब्रूत चार शब्द, तेही जवळजवळ जुळे.

त्याच अध्यायातली एक खोडी बघा. चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र होतात, पण लेखक त्यांची नावं घेत नाही. "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती" म्हणतो. हिब्रूत सूर्याला "शेमेश" हा शब्द होता, पण बाबेलचा सूर्यदेव "शमाश". नाव घेतलं की देवाचा वास येणार, म्हणून नावच नाही. आणि ही शेजाऱ्यांचीच भानगड होती असं नाही. यरुशलेमच्या मंदिरातच सूर्याला वाहिलेले घोडे होते, ते योशीया राजाने हटवले (२ राजे २३:११).

आता तुमचा लिव्याथान. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्याजवळ रास शामराजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला जुनी कबर लागली. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी खोदकाम सुरू केलं आणि उगारित हे शहर सापडलं. ते इ.स.पू. १२०० च्या सुमारास नष्ट झालेलं होतं. तिथल्या पट्टिकांत बआल देवाच्या कथेत "लोतान" येतो: सात डोकी, पळणारा सर्प, वळवळणारा सर्प. यशया २७:१ मध्ये लिव्याथानाला अगदी हीच दोन विशेषणं, त्याच धातूंची. म्हणजे इस्राएलच्या कवींनी हा राक्षस घडवला नाही, त्यांना तो वारशात मिळाला. शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, तीच त्यांनी वापरली.

ती कधी वापरली हे बघा, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. स्तोत्र ७४ उघडा आणि तेराव्या ओवीपासून नको, पहिल्यापासून वाचा. मंदिर जळालेलं आहे. शत्रूने कुऱ्हाडींनी कोरीवकाम फोडलंय. संदेष्टा उरला नाही, हे किती दिवस चालणार ते कुणाला ठाऊक नाही. कवी देवाला विचारतो, तुझा हात मागे का? आणि मग एकदम: "तू समुद्र दुभंगलास, तू लिव्याथानाची डोकी ठेचलीस." हिब्रूत "अत्ता", म्हणजे "तू", हा शब्द १३ ते १७ या पाच ओव्यांत सात वेळा येतो. क्रियापदातच "तू" असतो, वेगळा घालायची गरज नसते, तरी कवी सात वेळा घालतो. हे देवाचं वर्णन नव्हे, देवाची कॉलर धरणं आहे. तेव्हा केलंस ना? मग आता कर की! विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा सूर परका वाटू नये. लढाईची भाषा इथे सृष्टी कशी झाली ते सांगायला आलेली नाही. माणूस बुडत असताना ती आली आहे.

आणि आता उत्पत्ती १:२१. स्तोत्र ७४ मध्ये ज्यांची डोकी फुटतात त्यांना हिब्रूत "तन्नीनीम" म्हटलंय. तोच शब्द उत्पत्तीत पाचव्या दिवशी येतो: देवाने मोठे तन्नीनीम उत्पन्न केले. इथे "बारा" हे क्रियापद आहे. या अध्यायात ते पहिल्या वचनात येतं, इथे येतं आणि माणसाच्या निर्मितीला येतं, बाकी सगळीकडे "केलं", "उगवो", "होवो" वगैरे. या धातूच्या साध्या रूपाचा कर्ता हिब्रू शास्त्रात फक्त देव असतो. लेखकाने हा खास शब्द नेमका त्या राक्षसांवर खर्च केला आणि वर लगेच म्हटलं, देवाने पाहिलं की ते चांगलं आहे. शत्रूला हरवलं असं तो म्हणत नाही. शत्रू मुळात कधी नव्हताच, ते त्याचेच मासे आहेत, असं म्हणतो. बहुतेक अभ्यासक हा अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहुदी लोकांना तिथे कैद करून नेलं त्या काळाच्या, आसपासचा मानतात, म्हणजे तियामतचा वध दरवर्षी ज्यांच्या कानावर पडत होता त्यांच्यात तो घडला असावा. स्तोत्र १०४:२६ तर पुढे जाऊन म्हणतं, लिव्याथान तू खेळायला केलास. हिब्रूत समुद्रात खेळायला की त्याच्याशी खेळायला, दोन्ही निघतं. तालमूद या यहुदी धर्मचर्चांच्या ग्रंथाने दुसरा अर्थ घेतला: देव दिवसाच्या शेवटच्या प्रहरी बसून लिव्याथानाशी खेळतो.

मला यात सगळ्यात आवडणारी जागा ईयोब ३८ ची. देव वादळातून बोलतो आणि समुद्राबद्दल सांगतो. आपण युद्धाची अपेक्षा करतो आणि निघतं बाळंतपण. समुद्र गर्भातून उसळून बाहेर आला, मी ढगांचं वस्त्र केलं आणि दाट अंधाराचं "खतुल्ला" केलं. नवजात बाळाला घट्ट गुंडाळायची पट्टी म्हणजे खतुल्ला. एका वर्षी वर्गात सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून येणारी एक विद्यार्थिनी होती. कोशात "पट्टी, बंधन" वगैरे अर्थ बघून बाकीचे "बेड्या" लिहीत होते. ती म्हणाली, "सर, हे दुपटं आहे. रात्री हातपाय झाडून दचकू नये म्हणून गुंडाळतात ते." तेव्हापासून मी तिथे दुपटंच शिकवतो. मग पुढची ओळ: दारं आणि अडसर लावले आणि म्हटलं, "इथवर ये, याच्या पुढे नाही, तुझ्या लाटांचा ताठा इथे थांबेल." हे बाळाला सांगितलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा, सूर बदलतो.

म्हणून मी वर्गात "हद्द" हा शब्द वापरतो. समुद्र संपवला असं कुठेच नाही. त्याला हद्द घातली. यिर्मया ५:२२ मध्ये ती हद्द कशाची? वाळूची. अमावस्येच्या उधाणात अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलात तर ती ओळ समजते. एवढं पाणी अंगावर येतं आणि मुठीतून निसटणाऱ्या वाळूपाशी परत फिरतं.

योनाचं पुस्तक या विषयावरचा विनोद आहे, लवकर सांगतो. "नेमलं" हे एकच क्रियापद चार वेळा येतं: देवाने मासा नेमला, रोप नेमलं, किडा नेमला, पूर्वेचा वारा नेमला. सगळे आपापली ड्यूटी करतात. न ऐकणारा एकटा संदेष्टा, म्हणजे योना.

सगळं इतकं गोड नाही, हेही सांगायला हवं. यशया ४५:७ मध्ये देव म्हणतो, मी उजेड घडवतो आणि अंधार निर्माण करतो, शांती करतो आणि "रा" निर्माण करतो. "रा" म्हणजे वाईट. इथे जोडी "शालोम"शी, म्हणजे शांतीशी, आहे, म्हणून नैतिक पापापेक्षा अरिष्ट हा अर्थ बरा. पण बोच राहतेच, कारण दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच हे वाक्य ठेवत नाही. रोज सकाळच्या यहुदी प्रार्थनेत हीच ओळ आहे, पण "रा"च्या जागी "हाकोल", म्हणजे "सर्व काही", असं म्हणतात. प्रार्थना रचणाऱ्यांनाही तो शब्द सकाळी सकाळी तोंडी घालवेना. आणि बिघडलेलं भांडं मोडून पुन्हा घडवणाऱ्या कुंभाराचा दाखला (यिर्मया १८) लोक "तो वाटेल ते करेल" म्हणून सांगतात, तो पुढे वाचत नाहीत. पुढच्याच ओव्यांत आहे की एखादं राष्ट्र वळलं तर मीही ठरवलेलं बदलेन. तसंच जलप्रलयानंतर पुन्हा असं करणार नाही हा करार. तिथे हद्द त्याने स्वतःलाच घातली आहे.

एवढ्या निर्मितीचा शेवटही थांबण्यावर होतो. "शावात" म्हणजे थांबला. एनुमा एलिशमध्ये देवांना आराम मिळावा म्हणून माणूस घडवून कामाला जुंपतात. इथे आराम दासाला आणि गुरांनाही मिळतो. तुम्ही रायगडचे आहात असं लिहिलंय म्हणून सांगतो, तेलघाणा चालवणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना "शनिवार तेली" नाव दिलं. घाण्याचा बैल त्या दिवशी मोकळा राही तो या सातव्या दिवसामुळे.

आजींना काय सांगायचं? त्यांना खोलात जायचं नसेल तर त्यांच्यासोबत फक्त यिर्मया ३२ वाचा, मराठीतच. "देवाला काहीही अशक्य नाही" हे वाक्य हिब्रूत ज्या थोड्या ठिकाणी जवळजवळ तसंच सापडतं, त्यातली ही एक जागा. आणि तिथे विषय आहे जमिनीचं खरेदीखत. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय आणि संदेष्टा यिर्मया पहाऱ्यात कैद आहे. चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, भाऊबंदकीने पहिला हक्क तुझा. त्या शेतात तेव्हा शत्रूचा तळ असणार. यिर्मया १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद, एक उघडी. मग प्रार्थना करतो: तू आकाश आणि पृथ्वी केलीस, तुला काहीच अवघड नाही. आणि प्रार्थना संपताना त्याच्या मनातलं बाहेर येतं: शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू म्हणतोस पैसे देऊन शेत घे? देव त्याचंच वाक्य प्रश्न करून परत देतो, मला काही अवघड आहे का? आणि लगेच पुढे म्हणतो, शहर मी देतोच आहे. शेतंही पुन्हा विकत घेतली जातील, हेही सांगतो.

पुढच्या वर्षी शहर जळालं. खरेदीखताच्या दोन्ही प्रती यिर्मयाचा लेखनिक बारूख याने मातीच्या मडक्यात ठेवल्या होत्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. मडकं कुठे ठेवलं ते पुस्तकात लिहिलेलं नाही.